खटला कोणाचा, बाजू कोणाची?

वाचकांच्या या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे : राजकारणी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यावर दाखल होणारे गुन्हे, आणि त्यांवरून घरोघरी होणारे वाद. म्हणून हे सदर या वेळी त्या एका विषयालाच दिले आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात दोन पक्षांचे समर्थक आहेत. एखाद्या विरोधी नेत्यावर ईडीची कारवाई झाली की माझे थोरले दीर म्हणतात, ‘पाप केले नसते तर घाबरायचे कारणच काय?’ माझे पती म्हणतात, ‘हे निव्वळ सूडाचे राजकारण आहे.’ नेता त्यांच्या बाजूचा असला की दोघेही आपापली वाक्ये बदलून घेतात. यांतले बरोबर कोणाचे मानावे? (सांगली)

उत्तर : दोघांचेही म्हणणे एकाच प्रकरणात, एकाच वेळी खरे असू शकते, आणि घरातला वाद मिटत नाही तो ही शक्यता दोघांनाही मान्य नसते म्हणून. कारवाईसाठी हाच माणूस का निवडला, हा एक प्रश्न आहे. त्या माणसाने गुन्हा केला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर राजकारणात शोधावे लागते आणि दुसऱ्याचे पुराव्यात. एकाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे गृहीत धरले की माणूस न्यायाबद्दल बोलायचे सोडून पक्षाबद्दल बोलू लागतो.

आपल्या राज्यातलेच जुने उदाहरण घ्यावे. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी सिमेंट वाटप आणि देणग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रार करणारे रामदास नायक हे भारतीय जनता पक्षाचे, म्हणजे उघडउघड राजकीय विरोधक होते. नायक यांना अशी तक्रार करण्याचा अधिकारच नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितले की फौजदारी कायद्याची चक्रे कोणीही नागरिक फिरवू शकतो. तक्रारदार विरोधी पक्षाचा आहे एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे तत्त्व तेव्हापासून पक्के आहे आणि ते आजच्या सर्व पक्षांना सारखेच लागू आहे.

आता आपल्या पतींच्या बाजूचा पुरावा पाहू, कारण तोही हलका नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या दहा वर्षांत ईडीने आजी-माजी खासदार, आमदार आणि राजकीय नेत्यांविरुद्ध १९३ प्रकरणे नोंदवली होती आणि त्यांपैकी दोन प्रकरणांत दोषसिद्धी झाली होती. खटले लांबतात, त्यामुळे केवळ या आकड्यावरून उरलेली सगळी प्रकरणे खोटी ठरत नाहीत. परंतु मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात जामिनासाठी आरोपी दोषी नसल्याची सकृद्दर्शनी खात्री न्यायालयाला पटावी लागते, आणि अशा कायद्याखाली माणूस महिनोन्‌महिने आत राहतो, तेव्हा निकालाविना गेलेला तो काळ हीच शिक्षा होऊन बसते. संजय राऊत यांना १ ऑगस्ट २०२२ रोजी अटक झाली आणि ९ नोव्हेंबरला जामीन देताना मुंबईच्या विशेष न्यायालयाने ती अटकच बेकायदा असल्याचे नमूद केले. अनिल देशमुख यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये अटक झाली, आणि ते डिसेंबर २०२२ च्या अखेरीस बाहेर आले. ‘घाबरायचे कारण काय’ असे विचारणाऱ्याने शंभर दिवसांच्या किंवा वर्षभराच्या कोठडीचा विचार करून मग ते विचारावे.

आपल्या दिरांच्या बाजूचा पुरावाही तितकाच ठोस आहे. जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा तपास ईडीने उकरून काढलेला नव्हता. महापालिकेच्या आयुक्तांनी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली, धुळ्याच्या विशेष न्यायालयात खटला चालला, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सुरेश जैन यांना सात वर्षांची व गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. जैन शिवसेनेचे आणि देवकर राष्ट्रवादीचे. दोघेही माजी मंत्री, दोघेही एकाच आरोपपत्रात. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात काँग्रेसचे सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची आमदारकी गेली. ते प्रकरण २००२ चे होते. मधल्या एकवीस वर्षांत राज्यात आणि केंद्रात किती सरकारे आली आणि गेली, हे लक्षात घेतले तर प्रत्येक निकालामागे त्या दिवशीचे सरकार असते, हे म्हणणे टिकत नाही.

माझे मत विचाराल तर खरा अन्याय यापेक्षा वेगळ्या ठिकाणी होतो. चौकशी सुरू होते हा तो अन्याय नव्हे. नेत्याने बाजू बदलली की तीच चौकशी थंडावते, हा तो अन्याय. पंतप्रधानांनी २७ जून २०२३ रोजी भोपाळच्या सभेत राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला आणि २ जुलै रोजी त्याच पक्षाचे अजित पवार व त्यांचे सहकारी राज्याच्या मंत्रिमंडळात आले. यात आरोप खोटा होता असे मानले तर तो करणाऱ्यांनी उत्तर द्यायला हवे, आणि खरा होता असे मानले तर मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी. महाराष्ट्राला या दोहोंपैकी एकही उत्तर मिळालेले नाही. आपल्या घरातील दोघांनीही या ठिकाणी एकत्र यायला हरकत नाही : प्रकरण कोणाचेही असो, ते न्यायालयात शेवटपर्यंत चालले पाहिजे, एवढी मागणी दोन्ही बाजूंना करता येते.

प्रश्न : आमच्या नेत्याला ‘क्लीन चिट’ मिळाली तरी विरोधक त्यांना भ्रष्टाचारी म्हणत राहतात. क्लीन चिटनंतर तरी विषय संपायला नको का? (अकोला)

उत्तर : ती कोणी दिली यावर ते अवलंबून आहे. खटला पूर्ण चालून न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली असेल तर अपील होईपर्यंत तरी विषय संपला असे मानणे हाच सभ्यपणा आहे. खटला उभा राहण्याआधीच, पुरावा पुरेसा नाही म्हणून न्यायालयाने दोषमुक्त केले असेल तर तोही न्यायालयाचाच आदेश असतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. छगन भुजबळ, त्यांचे पुत्र पंकज व पुतणे समीर यांना महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये असेच दोषमुक्त केले. त्याआधी ईडीच्या प्रकरणात भुजबळ मार्च २०१६ पासून मे २०१८ पर्यंत तुरुंगात होते, हेही त्याबरोबर आठवले पाहिजे. जामीन मिळणे ही मात्र यांपैकी कोणतीच गोष्ट नाही. जामिनावर सुटलेल्या नेत्याची मिरवणूक काढणारे कार्यकर्ते आणि जामीन नाकारला म्हणून पेढे वाटणारे विरोधक, दोघेही निकाल लागल्याच्या समजुतीत वागतात.

आपल्याकडे ज्याला क्लीन चिट म्हणतात ती पुष्कळदा पोलिसांनी स्वतःच दिलेली असते. तपासात काही निष्पन्न झाले नाही, तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाला ‘समरी’ अहवाल देतात. गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडत नसेल तर ‘अ’ समरी, तक्रार खोटी व द्वेषमूलक असेल तर ‘ब’, आणि गैरसमजातून दाखल झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’. न्यायदंडाधिकारी हा अहवाल स्वीकारू शकतात, नाकारू शकतात किंवा पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात, आणि मूळ तक्रारदाराला विरोध नोंदवता येतो. अहवाल दाखल होणे म्हणजे तो मान्य होणे नव्हे.

राज्य सहकारी बँकेचे, म्हणजे ‘शिखर बँके’चे प्रकरण यासाठी समजून घेण्यासारखे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि त्यात अजित पवार यांच्यासह बँकेच्या अनेक माजी संचालकांचा समावेश होता. ते उपमुख्यमंत्री असताना, महाविकास आघाडीच्या काळात, २०२० मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये सरकार बदलले, ते विरोधी पक्षनेते झाले, आणि त्याच शाखेने पुढील तपास करायचा असल्याचे न्यायालयाला सांगितले. २०२३ मध्ये ते पुन्हा सत्तेत आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच शाखेने दुसऱ्यांदा तपास बंद करण्याचा अहवाल दाखल केला. या प्रकरणात गुन्हा घडला होता किंवा नव्हता, याबद्दल मी येथे काहीही म्हणत नाही, तो अधिकार न्यायालयाचा आहे. परंतु तपास यंत्रणेचे मत मंत्रिमंडळाबरोबर असे फिरत राहिले, तर निर्दोष माणसालाही निर्दोषत्वाचे विश्वासार्ह प्रमाणपत्र मिळू शकत नाही, आणि यात त्या माणसाचेही नुकसान आहे. सीबीआयला राज्यात तपास करण्याची सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती परत दिली, ही त्याच दुखण्याची दुसरी खूण आहे.

प्रश्न : नेत्यांच्या राजकारणाशी काही संबंध नसलेल्या बायकामुलांना चौकशीला बोलावले जाते, त्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात. हे मला फार क्लेशदायक वाटते. नातेवाईक असणे हा गुन्हा आहे का? (पुणे)

उत्तर : नाही, आणि आपल्याला होणारा क्लेश रास्त आहे. सुनेची, लेकीची किंवा शाळकरी नातवाची छायाचित्रे फिरवून नेत्यावर सूड उगवणे हे कोणत्याही पक्षाच्या माणसाने केले तरी नीचपणाचेच आहे, आणि तेथे दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यासारखे काही नसते.

तरीही तपास घरापर्यंत का येतो, हे समजून घेतले पाहिजे. लाचेचा पैसा क्वचितच नेत्याच्या स्वतःच्या नावावर राहतो. जमीन पत्नीच्या नावावर, कंपनी मुलाच्या, कारखान्याचे समभाग मेहुण्याच्या किंवा विश्वासू चालकाच्या, ही पद्धत महाराष्ट्रातील सहकाराच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच उमेदवाराच्या शपथपत्रात पत्नी किंवा पती व अवलंबितांची मालमत्ता लिहावी लागते आणि २०१८ पासून त्यांच्या उत्पन्नाचे स्रोतही सांगावे लागतात. उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्तेच्या गुन्ह्यात लोकसेवकाला मदत करणाऱ्या नातेवाइकावरही खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच ठरवले आहे. मात्र त्यासाठी त्या नातेवाइकाने जाणीवपूर्वक साथ दिली हे सिद्ध व्हावे लागते, केवळ कागदावर नाव असून भागत नाही. ज्या गृहिणीला आपल्या सहीने काय विकत घेतले गेले हे कधी सांगितलेच गेले नाही, तिला पतीने त्या कागदाबरोबर आरोपीच्या पिंजऱ्याच्या दिशेने ढकललेले असते, आणि यात तपास यंत्रणेइतकाच दोष त्या पतीचा आहे.

कुटुंबाचा संबंध फौजदारी नसतानाही पद जाण्याइतका गंभीर असू शकतो, हेही याच राज्याने पाहिले आहे. मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेच्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले. त्यासाठी आरोपपत्राची किंवा अटकेची वाट पाहिली गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. संकटाच्या वेळी ‘कुटुंबाला यात ओढू नका’ असे म्हणणारे पक्षच उमेदवारी देताना त्याच कुटुंबाकडे वळतात. शिक्षेमुळे सुनील केदार अपात्र ठरले तेव्हा २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सावनेरची उमेदवारी त्यांच्या पत्नीला मिळाली. त्याच निवडणुकीत काटोलमधून अनिल देशमुख यांच्या जागी त्यांचे पुत्र उभे राहिले. दोन्ही ठिकाणी मतदारांनी नाकारले. उमेदवार होणे हा त्यांचा पूर्ण हक्क होता. पण जो राजकारणात वारसा म्हणून पुढे येतो, त्याने त्या वारशाविषयीच्या प्रश्नांची उत्तरेही द्यायला हवीत.

प्रश्न : मी वीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. येथे ट्रम्प आणि बायडन यांच्या मुलावरील खटल्यांवरून आमच्या मराठी मित्रमंडळात जे वाद झाले, ते भारतातल्या वादांसारखेच वाटतात. दोन्ही देशांत फरक काही आहे का? (न्यू जर्सी)

उत्तर : वादांत फारसा नाही, व्यवस्थेत आहे. ३० मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना व्यवसायाच्या नोंदींत खोटेपणा केल्याच्या ३४ आरोपांत दोषी ठरवले, आणि ११ जून रोजी डेलावेअरमधील ज्युरीने हंटर बायडन यांना बंदूक खरेदीच्या प्रकरणात दोषी ठरवले. वडील राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांच्याच न्याय विभागाच्या विशेष वकिलाने मुलाविरुद्ध खटला चालवून तो जिंकला. असे आपल्याकडे घडल्याचे मला आठवत नाही, आणि ही गोष्ट मला आदराची वाटते. पहिला निकाल राजकीय आणि दुसरा न्याय्य, किंवा याच्या नेमके उलट, असे म्हणणारे लोक आपल्या मंडळात असतील, तर बारा दिवसांच्या अंतराने आलेले हे दोन निर्णय सामान्य नागरिकांच्या ज्युरींनी दिले होते, हे त्यांना आठवून द्यावे.

पुढे जे झाले ते आदराचे नाही. मुलाला माफी देणार नाही असे जाहीरपणे सांगितलेल्या जो बायडन यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी माफी दिली. ट्रम्प यांनीही डिसेंबर २०२० मध्ये आपले व्याही चार्ल्स कुशनर यांना माफी दिली होती. कुशनर आपल्याच न्यू जर्सीचे, आणि करचुकवेगिरीपासून साक्षीदारावर दबाव आणण्यापर्यंतचे गुन्हे त्यांनी कबूल केलेले होते. दोन्ही माफ्यांना एकाच मापाने मोजायला जो तयार आहे, त्याच्याशीच या विषयावर बोलण्यात अर्थ आहे.

आपल्याकडे दयेचा अधिकार असा एका व्यक्तीच्या मर्जीवर नसतो, पण खटला मागे घेण्याची वाट असते. राज्य सरकारे आपल्या माणसांवरील खटले सरकारी वकिलांकरवी मागे घेऊ लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२१ रोजी आदेश दिला की आजी-माजी खासदार-आमदारांवरील खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. या आदेशाचे महत्त्व आपल्या वृत्तपत्रांना पुरेसे जाणवले नाही, असे मला वाटते.

प्रश्न : तीस दिवस कोठडीत राहिलेल्या मंत्र्याचे पद जावे, असे घटनादुरुस्ती विधेयक आले आहे. आपले मत काय? (लातूर)

उत्तर : हे १३० वे घटनादुरुस्ती विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपावरून पंतप्रधान, मुख्यमंत्री वा मंत्री सलग तीस दिवस अटकेत राहिला तर त्याचे पद जावे, अशी तरतूद त्यात आहे. ज्या अस्वस्थतेतून ते आले ती खोटी नाही. नवाब मलिक २०२२ मध्ये कोठडीत असतानाही काही महिने बिनखात्याचे मंत्री राहिले आणि अरविंद केजरीवाल यांनी २०२४ मध्ये तुरुंगातून मुख्यमंत्रिपद सांभाळले, हे लोकशाहीला शोभणारे नव्हते.

तरीही मी या तरतुदीच्या विरोधात आहे. अटक हा तपास यंत्रणेचा निर्णय असतो आणि तपास यंत्रणा सरकारच्या हाताखाली असते. जामीन दुर्मीळ करणाऱ्या कायद्याखाली तीस दिवस कोठडी घडवणे कठीण नाही, म्हणजे विरोधी पक्षाच्या मुख्यमंत्र्याचे पद दिल्लीतील एका कार्यालयाच्या हाती जाते. न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकून आरोप निश्चित केल्यावर पद जावे, आणि मग तो खटला ठरावीक मुदतीत संपावा, अशी तरतूद मला मान्य होईल. शिक्षेनंतरची अपात्रता तर आज आहेच. दोन वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जाते, कारण अपिलासाठी मिळणारे तीन महिन्यांचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये रद्द केले. लालूप्रसाद यादव यांचे सदस्यत्व त्याच वर्षी गेले. राहुल गांधी यांचे मार्च २०२३ मध्ये गेले आणि दोषसिद्धीला स्थगिती मिळाल्यावर ऑगस्टमध्ये परत आले. या कायद्याची धार कमी पडते ती विलंबामुळे. मुख्यमंत्री कोट्यातील सदनिकांसाठी १९९५ च्या सुमारास खोटी कागदपत्रे दिल्याच्या प्रकरणात माणिकराव कोकाटे आणि त्यांच्या भावाला नाशिकच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि तेथून अपिलांचा प्रवास सुरू झाला. मूळ तक्रार करणारे माजी मंत्री तुकाराम दिघोळे तोपर्यंत हयात नव्हते.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी खरी माहिती सामान्य मतदाराने कोठून मिळवावी? समाजमाध्यमांवर कशावर विश्वास ठेवावा तेच कळत नाही. (ठाणे)

उत्तर : उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते आणि त्यात प्रलंबित गुन्ह्याचे कलम, न्यायालय, आरोप निश्चित झाले की नाही, आणि आधी झालेली शिक्षा, हे सगळे लिहावे लागते. आंदोलनात रस्ता अडवल्याचे दहा गुन्हे आणि बँक बुडवल्याचा एक गुन्हा यांची नुसती संख्या मोजू नये, कलमे पाहावीत. प्रकरणाचा क्रमांक मिळाला तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीखही दिसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे प्रलंबित असलेल्या माणसाला उमेदवारी का दिली आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने जाहीर करायची असतात आणि केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. ही कारणे एका स्थानिक भाषेतील व एका राष्ट्रीय वृत्तपत्रात, तसेच पक्षाच्या समाजमाध्यम खात्यांवर द्यावी लागतात. बिहारच्या निवडणुकीत हा आदेश न पाळणाऱ्या पक्षांना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये दंडही केला आहे. आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराची अशी जाहिरात कोठेच दिसली नाही तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. ती तक्रार ज्याला आपण मत देणार आहात त्या उमेदवाराविरुद्धही करता येते.